आईने बंद केलेली गोळी

मी नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते. नवा धडा वर्गात नेण्याआधी स्वयंपाकघरात आईला ऐकवायचा, ही माझी जुनी रीत. आई एसटीतली निवृत्त कंडक्टर. समजलं नाही तर मला पुढे सरकू देत नाही.

या उन्हाळ्यात धडा होता रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशींचा. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर सोडियम आणि कॅल्शियम. पेशीचं दार उघडलं की कॅल्शियम आत घुसतं, स्नायू आवळतो, रक्तवाहिनी अरुंद होते, बीपी चढतं. "तुझी बीपीची गोळी तेच दार बंद ठेवते," मी ऐटीत म्हणाले. आईने गवार मोडता मोडता मान डोलावली.

पुढे एकदा शहरातल्या द्वारका चौकात बसमधून उतरताना ती चक्कर येऊन खालीच बसली. दवाखान्यात बीपी बघून डॉक्टर गंभीर झाले. गोळी चालू आहे ना, त्यांनी विचारलं.

"नाय, बंद केली," आई शांतपणे म्हणाली. "हाडांसाठी तुम्हीच कॅल्शियम दिलं, आन् ही गोळी त्यालाच अडवती. मग दोन्ही कशाला?"

ती हातची गेली असती. तरी खोटं कशाला बोलू, मला तिचा अभिमानच वाटला. चुकली, पण स्वतःच्या डोक्याने चुकली. वर्गातल्या एकीनेही माझा धडा घरापर्यंत नेला नव्हता.

घरी मी उरलेलं सांगितलं. गोळी फक्त पेशीच्या दारात अडवते. बाहेर रक्तात कॅल्शियम होतं तेवढंच राहतं, आणि हाडं आपला वाटा तिथूनच घेतात.

आईने गोळीचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी मी गाडीचं दार लावलं तरी माणसं स्टँडावरच. त्यांना दुसरी गाडी हाय."

"हाय," मी म्हणाले. तिने गोळी घेतली.

पुढच्या तपासणीला बीपी ताळ्यावर आलं होतं. बाहेर बाकावर एक आजी दोन पाकिटं हातात धरून बसल्या होत्या. दोन्ही गोळ्या घ्यायच्या का, असं त्या शेजारणीला विचारत होत्या. आई थांबली आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा, तिकीट विचारायच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरला विचारल्याबिगर एकबी बंद करू नका. आन् का ते नाय कळलं, तर हिला विचारा. माझी लेक हाय."