जावयाच्या लॉनमधली घूस

लॉन या गोष्टीचा मला पहिल्यापासून राग आहे. ते खाता येत नाही, देवाला वाहता येत नाही, आणि तरी माणसं त्याला पोटच्या पोरासारखं जपतात. आमच्या घरात हे पोर माझ्या नवऱ्याचं. टेक्सासमध्ये शुगर लँडला घर घेतलं तेव्हापासून त्याची शनिवारची सकाळ लॉनच्या नावाने. आठवडाभर ऑफिसात पाइपलाइनींची गणितं करायची आणि शनिवारी गुडघे टेकून तण उपटायचं. देवापुढे हा माणूस कधी इतका वेळ वाकलेला मी पाहिला नाही.

दोन हजार पाच सालच्या एप्रिलमध्ये माझी आई आमच्याकडे आली. आदल्या वर्षी बाबा गेले होते. मी एकुलती एक. सांगलीच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची आणि रोज फोनवर "मी मजेत आहे" म्हणायची. ते मला ऐकवत नव्हतं. माझा बेत साधा होता. सहा महिन्यांसाठी बोलवायचं, गोड बोलून मन वळवायचं, ग्रीन कार्डाचा अर्ज भरायचा आणि तिला कायमचं इथेच ठेवून घ्यायचं. नवऱ्याची हरकत नव्हती, उलट विषय आधी त्यानेच काढला होता. हरकत होती ती आईची.

"लेकीकडे चार दिवस पाहुणी म्हणून यावं," ती म्हणाली. "जावयाच्या दारात कायमचं बसायचं म्हणजे काय?"

"लोक काय म्हणतील, हेच ना? अगं, इथे शेजारच्या माणसाचं नाव मला माहीत नाही."

"लोकांचं सोड. मला काय वाटेल?"

यावर मी चिडले. उत्तर नसलं की मी चिडतेच.

आणि ती खरोखर पाहुणीसारखीच राहायची. लेक आदल्या वर्षीच कॉलेजसाठी बाहेरगावी गेली होती, तिची खोली आईला दिली होती. कपाट मी रिकामं करून ठेवलं, पण आईचे कपडे बॅगेतच. "हे पातेलं घेऊ का गं?" "टीव्ही लावला तर चालेल ना?" जावई घरात आले की ही सोफ्यावरून उठायची. तो बिचारा ओशाळून, "आई, तुम्ही बसा हो, प्लीज," म्हणायचा, की ही आणखीच अवघडायची. मी तर तिला चहाचा कपही विसळू देत नव्हते. तिने आयुष्यभर शाळा आणि घर दोन्ही रेटलं होतं. तिला आता आराम द्यायचा, असं मी ठरवूनच टाकलं होतं. "तू बस," हे मी तिला दिवसातून किती वेळा म्हणायचे, देव जाणे.

आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडायचो. मागे ती, एसीचा आवाज आणि बाहेर भाजून काढणारं दमट ऊन. आमच्या गल्लीत दिवसा माणूस दिसत नाही. तिच्यासाठी म्हणून नवऱ्याने मागच्या अंगणात, लॉनच्या कडेला, अंजिराचं रोप लावलं होतं. तिच्या माहेरी विहिरीजवळ अंजीर होतं, हे तिने बोलता बोलता सांगितलेलं त्याच्या लक्षात राहिलं होतं. त्या रोपाला पाणी घालणं एवढं एकच काम या घरात तिचं होतं.

जूनमध्ये लॉनमध्ये मातीचे ढिगारे उठायला लागले. संध्याकाळी सपाट असलेल्या गवतात सकाळी सुपाएवढा ताज्या मातीचा ढीग. भोकही दिसेना, कारण हा प्राणी ढीग टाकून झाला की तोंड आतून बुजवून घेतो. नवऱ्याचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा झाला.

"गोफर," तो म्हणाला.

"घूस," आई म्हणाली.

गोफर हे घुशीचंच अमेरिकन भावंड असावं. जमिनीखाली बोगदे खणत राहायचं आणि वाटेत येतील ती मुळं खायची. मग उपाय सुरू झाले. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला हा विषय निघाला आणि जो तो तज्ज्ञ. कोणी म्हणालं बिळात च्युइंग गम टाका, कोणी म्हणालं एरंडेल ओता. एक काका म्हणाले, "यार, पाइप लावून फ्लड करून टाक!" नवऱ्याने तेही केलं. पाण्याचं बिल वाढलं आणि दुसऱ्या दिवशी ढिगारा शेजाऱ्याच्या कुंपणाजवळ निघाला. मग त्याने जमिनीत खुपसायची, बॅटरीवर घुमणारी एक काठी आणली. तिच्या आवाजाने म्हणे गोफर पळतात. आमच्या गोफरने त्या काठीला लागूनच नवा ढीग काढला.

आईने घाबरत घाबरत विचारलं, "मी एक करून बघू का?" आणि तिने कांदाभजी तळली. सांगलीत उंदराच्या पिंजऱ्याला भजं लावलं की काम फत्ते, हे मीही लहानपणी पाहिलेलं. आम्ही ढिगारा उकरून भजं आत सारलं. गोफरने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मात्र टेक्सासच्या लाल आगमुंग्या वऱ्हाडासारख्या आल्या आणि आईच्या पायाला फोड उठले. मी तिला घरात आणून बसवलं, पायाला बर्फ लावला आणि रागावले. "तू कशाला पडतेस यात? तू बस ना." ती बसली. त्यानंतर तिने काही सुचवलं नाही.

एकदा जेवताना नवरा सहज म्हणाला, की मार्चपर्यंत गोफरचं नावसुद्धा नव्हतं. मग मला आठवलं. मार्चमध्ये गॅरेजच्या मागे एक लांबलचक साप निघाला होता. बिनविषारी होता, पण मी किंचाळून घर डोक्यावर घेतलं, आणि नवऱ्याने माणूस बोलावून तो पकडून लांब सोडायला लावला. आई घास हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे राखणदार घालवलात," ती म्हणाली, "आणि आता चोर आला म्हणून रडताय." आणि लगेच जावयाकडे बघून, "तसं नाही हो, आपलं सहज म्हटलं."

जुलैअखेर नवऱ्याने तारेचे दोन सापळे आणले. त्यांच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं, की ढिगाऱ्यापासून खणत जाऊन मुख्य बोगदा शोधा आणि दोन्ही दिशांना एकेक सापळा लावा. पण खणायचं म्हणजे लॉन फाडायचं, आणि तिथे याचा हात धजेना. त्याने सापळे ढिगाऱ्यातच वरवर खोचले. गोफरने त्यावर माती लोटून दिली. सापळे गॅरेजमध्ये गेले.

ऑगस्टमध्ये नागपंचमी आली. आईच्या हातची पुरणाची दिंडं मिळणार म्हणून मी त्या दिवशी सुट्टी घेतली. स्वयंपाकघर एक दिवस तिच्या ताब्यात दिलं, हा मला माझा मोठेपणा वाटत होता. तिने पाटावर गंधाने नाग काढले, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला आणि मला बजावलं, "आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही." दिंडं वाफेवर ठेवली आणि ती रोपाला पाणी घालायला मागे गेली. लगेच परत आली.

"रोप हलतंय," ती म्हणाली.

मी जाऊन पाहिलं. अंजिराची पानं मान टाकून लोंबत होती. बुंध्याला बोट लावलं तर झाड दुखऱ्या दातासारखं डुगडुगलं. एका बाजूची मुळं सगळी खाल्लेली होती. आई पदर खोचून गॅरेजमध्ये गेली आणि फावडं, सापळे आणि ते माहितीपत्रक घेऊन आली.

"आई, आज खणायचं नसतं ना?"

"नागोबाला सांगून आलेय. शिकार त्याचीच आहे. त्याला तुम्ही हाकललंत, आता त्याचं काम कोणीतरी करायला नको?"

"अगं, ऊन केवढं आहे! तू बस, मी खणते."

"बाजूला हो."

"निदान त्याला फोन तरी करू दे. लॉन फाडायचं म्हणजे..."

"बाजूला हो म्हटलं ना!"

हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. हा तिचा वर्गातला आवाज. मी बाजूला झाले.

तिने ढिगाऱ्याजवळ गवताचा चौकोन कापला, मुळांसकट उचलून सावलीत ठेवला आणि खणायला लागली. पहिल्या जागी काही लागलं नाही. दुसरी जागा मधोमध, नवऱ्याच्या सगळ्यांत लाडक्या हिरव्यागार पट्ट्यात. तिथेही नाही. माझा जीव वरखाली होत होता, निम्मा तिच्या वयासाठी आणि निम्मा, खरं सांगायचं तर, संध्याकाळच्या भांडणासाठी. तिसऱ्यांदा फावडं एकदम आत गेलं. खाली मनगट सहज जाईल एवढा गोल बोगदा होता. भिंती सारवल्यासारख्या गुळगुळीत.

"किती नीट केलंय बघ मेल्याने," ती म्हणाली.

चष्मा सारखा करून तिने माहितीपत्रक पुन्हा वाचलं. एक सापळा तिच्या हातात नुसताच मिटला, बोट थोडक्यात वाचलं. मी ओरडले. तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. दोन्ही बाजूंना सापळे लावले, साखळ्या खुंटीला अडकवल्या, वर पुठ्ठा टाकला आणि उजेड आत जाईल एवढी फट ठेवली. उजेड दिसला की तो बुजवायला येणार, असं लिहिलं होतं.

आम्ही आत जाऊन दिंडं खाल्ली, वर तुपाची धार घेऊन. चार वाजता बाहेर गेलो तर एक साखळी ताणलेली होती.

मी शत्रू म्हणून केवढ्या तरी राक्षसाची कल्पना केली होती. हा जेमतेम वीतभर. तपकिरी, मऊ, बारीक डोळे, पिवळे लांब दात, पुढच्या पायांना मोठाली नखं आणि गालांबाहेर दोन पिशव्या, त्यात मुळांचे तुकडे भरलेले. मला वाईट वाटलं. आई खड्ड्याच्या कडेला बसून त्याच्याकडे पाहत राहिली.

तेवढ्यात नवरा आला. तो थेट मागच्या दारातून बाहेर आला आणि जागीच थांबला. लॉनमध्ये तीन खड्डे, मातीचे ढीग, आणि मधे चिखलाने माखलेली त्याची सासू. मी मनातल्या मनात दोघांच्याही वतीने माफीची वाक्यं जुळवली. आई उठलीसुद्धा नाही.

"माती लागेल हो, दोन पोती तरी," ती त्याला म्हणाली. "गवत सावलीत ठेवलंय, पाणी मारलंय. आज लावलं तर जगेल. अंधाराच्या आत आणा."

नवऱ्याने खड्ड्यांकडे पाहिलं, मग सापळ्याकडे. "आई, तुम्ही पकडलात?" मग त्याच्याच्याने राहवेना. तो वाकून बोगद्यात बघायला लागला. "बापरे, हा थेट कुंपणापर्यंत जात असणार. आणि एका बिळात एकच राहतो हं, आई. दुसरा आला तर मारामारी करतात."

"एकच?"

"एकटाच. हे सगळं एकट्याचं."

तो गाडी काढून माती आणायला गेला. लॉनबद्दल अक्षर बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. या एका गोष्टीसाठी मी त्याच्या बाकीच्या शंभर गोष्टी सोडून दिल्या आहेत.

आई अजून त्या बोगद्याकडेच बघत होती. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"तिकडे मी संध्याकाळी दिवा लावते ना, की त्यानंतर कुठल्या खोलीत जाऊन बसावं तेच कळत नाही. या खोलीतून त्या खोलीत जाते. मग उगाच कुलूप नीट लागलंय का बघते."

मी तिच्या शेजारी मातीत बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मला तिथे एकटीने राहायचं नाहीये गं," ती म्हणाली. "पण इथेही मला असं राहायचं नाही. तू मला कशाला हात लावू देत नाहीस. बस म्हणतेस. किती बसू? पाहुणी मी नाही झाले, तू केलंस मला पाहुणी. ते बंद करणार असशील तर तुझा तो अर्ज भर."

इतके महिने मला वाटत होतं की आडवी येतेय ती तिची जुनी रीत, जावयाचं दार आणि काय काय. तिला जपण्याच्या नादात या घरात तिला करण्यासारखं मीच काही उरू दिलं नव्हतं. मी हो म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

तिने गोफरला त्याच्याच बोगद्यात ठेवलं, वर माती लोटली, आणि फावडं टेकत उठली. गुडघा धरून उठली. हात चिखलाने भरलेले, कपाळावरचे केस घामाने चिकटलेले. फावडं घेऊन ती नळाकडे निघाली.

"आण इकडे," मी म्हणाले, "मी धुते."

ती थांबली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी पुढे केलेला हात मागे घेतला. तिने नळ सोडला, आणि ती फावडं धूत असताना मी मुकाट्याने उभी राहिले.