कोटाचा खिसा

पुतळ्यांच्या धंद्यात सगळे चेहरा बघतात. नाक जमलं, चष्मा जमला की समिती खूश. कपड्यांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. इतकी वर्षं काम करूनही मी त्यातलीच.

नवी मुंबईत उलव्याच्या बाजूला नव्या चौकात देशाच्या एका मोठ्या नेत्याचा पुतळा बसवायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. त्यांचं नाव लिहीत नाही. जे घडलं त्यात त्यांचा काही दोष नाही. करावे गावात माझी शेड आहे, तिथे मी मातीत पुतळा उभा केला. चेहऱ्यासाठी हाताशी पुष्कळ फोटो होते. कोटासाठी एकच, समितीनं मोबाइलवर पाठवलेला. तो कोणीतरी उलटा छापला होता, आरशात दिसावा तसा. माझ्या ते लक्षात आलं नाही. कोटाचा वरचा खिसा आणि त्यातलं पेन मी उजव्या बाजूला केलं आणि महिनाभर कपाळावरच्या आठ्या कोरत बसले.

समिती आली, चेहरा बघून सगळ्यांनी हात जोडले, मंजुरी दिली. फोटो मी कोणालाच काढू देत नाही, अनावरणाआधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला नकोत म्हणून. मग साचा घ्यायला मामा आले.

मामा म्हणजे माझे साचेवाले. मूळचे मराठवाड्यातले, राहायला तुर्भ्याला. वीस वर्षं माझ्या प्रत्येक पुतळ्याचा साचा त्यांनीच घेतला. मी तोंडाची फटकळ, दिवसातून दोनदा त्यांच्यावर ओरडायचे. ते ‘बरं मॅडम’ म्हणायचे आणि स्वतःला पटेल तेच करायचे. हा पुतळा मात्र त्यांच्यासाठी वेगळा होता. ज्यांच्या फोटोला ते रोज सकाळी हार घालायचे, तेच समोर उभे. शेडमध्ये येताना ते चपला बाहेर काढू लागले. समितीतली निम्मी माणसं त्यांच्याच विहारातली, आणि अनावरणाच्या दिवशी कारागीर म्हणून मामांचा सत्कार करायचं विहारानं ठरवलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली.

साचा घ्यायच्या आधी ते पुतळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “मॅडम, आमच्या घरच्या फोटूत पेन डाव्या अंगाला हाय.”

मला घाई होती. “मामा, तुम्ही तुमचा साचा बघा,” मी म्हणाले.

“बरं मॅडम,” ते म्हणाले, आणि या वेळी खरंच मी सांगितलं तेच केलं.

साचा झाला, त्यातून प्लास्टरचा पुतळा निघाला. ब्राँझमध्ये ओतायच्या आधी समिती पुन्हा बघायला आली. या खेपेला त्यांच्याबरोबर उरणचे एक म्हातारे शिंपी होते. त्यांनी चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“मॅडम, कोटाचा वरचा खिसा डावीकडं असतो,” ते म्हणाले. “आनि बटनं पन बायकांसारखी लावलीत.”

समितीचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. “मॅडम, हे कसं काय झालं? लोकं आमाला फाडून खातील.”

“साच्यात झालं,” मी म्हणाले. “छातीचा तुकडा वेगळा होता, जोडताना उलटा बसला.”

जीभ जराही अडखळली नाही. साच्याचा तुकडा उलटा बसतच नाही, त्याला खाचा असतात. आणि साच्यात पुतळा उलटा उमटला तरी त्यातून निघतो तो सुलटाच. या कामातल्या कोणालाही हसू आलं असतं. पण साचा म्हणजे काहीतरी उलटंपालटं एवढंच बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं, आणि ते मला चांगलं माहीत होतं. पडताळायला मातीच्या पुतळ्याचा फोटोही कोणाकडे नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मामांकडे बघितलं.

मामा प्लास्टरनं माखलेले हात फडक्याला पुसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. “हां,” ते म्हणाले. “माझ्याकडनंच झालं. आठ दिवसांत नीट करून देतो.”

खिसा आणि बटणं मी नव्यानं केली, मामांनी छातीचा साचा पुन्हा घेतला. त्या आठ दिवसांत मी एकदाही ओरडले नाही. अनावरणाला शाल-श्रीफळ मला मिळालं. मामा गर्दीत मागे उभे होते. त्यांच्या सत्काराचं कोणी नावच काढलं नाही.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. उद्या अध्यक्षांना फोन करून खरं सांगते, हे वाक्य रस्ताभर घोकत होते. मामींनी चहा ठेवला. कप हातात देताना म्हणाल्या, “विहारात बाया तोंडावर बोलत्यात. म्हणत्यात, तुझ्या मालकानं बापाचा कोट उलटा केला.”

“गप बस,” मामा म्हणाले. मग मला म्हणाले, “मॅडम, तुमी आता कुणाला काय सांगत बसू नका. पुतळा चांगला झालाय. लोकांनी त्याच्याकडं बघावं, आपल्या चुका कशाला बघायच्या?”

‘आपल्या’ म्हणाले ते. मी मान हलवली, चहा संपवला. मला लाज वाटली हे खरं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, हेही तितकंच खरं. अध्यक्षांना मी फोन केला नाही.

दोन महिन्यांनी दुसरा पुतळा आला. मामांच्या समोर उभं राहायचं धाडस होईना, म्हणून साच्याला मी पनवेलचा दुसरा माणूस बोलावला. तुर्भ्याला ते कळलंच. मॅडमनीसुद्धा काम काढून घेतलं, म्हणजे चूक याचीच होती, यावर आता मामींचाही विश्वास बसला असेल.