घराकडं वळलेला उकार

रेणूताईच्या लग्नात फुलसावंगीच्या आमच्या घरावर नवरानवरीची नावं लिहायला एक पेंटर आला होता. त्याचं नाव कुणी विचारलंच नाही. त्याची अक्षरं ओळीत उभी राहतच नसत; एक उडी मारायचं, दुसरं वाकून बघायचं. प्रत्येक अक्षरानंतर तो मागं सरून मान तिरकी करायचा. 'रेणू'चा उकार त्यानं लांबवत लांबवत थेट दाराच्या चौकटीपर्यंत नेला.

बाबा चिडले, "एवढं लांब शेपूट कायले?"

"पोरगी चालली भाऊ. तिच्या नावाले तरी घराकडं पाहू द्या."

पुढं दिवाळीच्या रंगात सगळी नावं बुजली; चौकटीजवळचं उकाराचं शेपूट तेवढं उरलं. यंदा रंगाचा ब्रश माझ्या हातात होता. चौकटीजवळ पोचलो, तर बाबा त्या उकारावर तळहात ठेवून उभे होते.