नाना टिपणिसांची शेवटची ओव्हर

नाना टिपणिसांचा डावा हात स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. लग्नाच्या पंगतीत उजव्या हाताने वरणभात कालवत असत आणि डावा मांडीआड सुपारी फिरवत असे. आंबिवलीच्या कारखान्यात ते स्टोअर्सला होते. खिडकीतून माल देताना डाव्या हातात एखादा जाडजूड नट असायचाच. एकदा आम्ही एका मयताला गेलो होतो, तिथेही ते खिशात काहीतरी चाळवत होते. मी डोळ्यांनी खुणावलं तेव्हा ओशाळले आणि हात बाहेर काढून लोंबता ठेवला. थोड्या वेळाने पाहिलं तर बोटं रिकामीच वळत होती.

त्या हाताने ते गोलंदाजी करत. कल्याणच्या आमच्या क्लबात मी यष्टिरक्षक होतो, आणि आज जिना चढताना माझे गुडघे जे काही बोलतात त्याला बव्हंशी नाना जबाबदार आहेत. मुरमाच्या मैदानावर काथ्याची मॅट ताणून बसवलेली असे. त्या मॅटवर नानांचा चेंडू इतक्या सावकाश येई की फलंदाजाला आधी कीव यायची. मग तो वळायचा आणि कीव करणारा परत निघायचा. नानांनी कधी आरडाओरडा करून अपील केलं नाही. पंचांकडे वळून "बघा, जमत असेल तर," एवढंच म्हणत. कोणी चौकार मारला तर त्याला "छान, आता पुन्हा मारून दाखवा," असं अगदी मनापासून सांगत. युद्धाआधी मुंबईच्या मैदानांवर त्यांचं नाव झालं होतं. तिकडेच राहिले असते तर पुढे गेले असते, असं सगळे म्हणत. ते स्वतः मात्र म्हणत नसत.

जन्मतः डावखुरे. शाळेत मास्तरांनी बोटांवर छड्या मारून लिहायला उजवा हात लावला, घरी आजोबांनी जेवताना डावा हात पंच्याने कमरेशी बांधून ठेवला. एकदा सामना संपल्यावर हात धुता धुता मला म्हणाले, "या हाताला कोणी काही करू दिलं नाही रे श्रीधर. पाटी नाही, जेवण नाही, तीर्थ नाही. मैदानावर तेवढा कोणी अडवला नाही."

आता त्यांच्या निवृत्तीविषयी. नाना पहिल्यांदा निवृत्त झाले ते स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी. खांदा दुखायला लागला होता. क्लबाने रीतसर समारंभ केला, शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली, वहिनींची ओटी भरली. पुढच्या दसऱ्यानंतर साठेवकील, आमचे सेक्रेटरी तेच आणि कप्तानही तेच, त्यांच्या घरी जाऊन बसले. "नाना, ठाण्याशी सामना आहे. तुम्ही नुसते उभे राहा." नाना उभे राहिले, आणि उभे राहिलेच आहात तर चार ओव्हर टाका म्हणून साठ्यांनी चेंडू दिला. दोन वर्षांनी परत शाल, परत श्रीफळ, परत साठे. वहिनी म्हणायच्या, आमच्याकडे थंडीत पांघरुणांना काही तोटा नाही.

साठे वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. त्याची नानांवर भक्ती होती, आणि सगळी पंचाईत तिथेच होती. एकदा नाना मैदानात असले की चेंडू त्यांच्याकडे द्यायचा, आणि एकदा दिला की परत मागायचा कसा? मी एकदा त्याला म्हटलं की नाना दमलेत, भोईरला दे. भोईर हा खाडीपलीकडच्या कोनगावचा, चांगला वेगात टाकायचा आणि उन्हात ताटकळत उभा असायचा. साठे माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी देव्हाऱ्यातली मूर्ती हलवायला सांगितली. दर ओव्हरनंतर तो अदबीने विचारी, "नाना, अजून टाकता ना?" आणि नाना म्हणत, "टाकतो की." नाही म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नाही. सामन्याहून घरी गेले की हात वर होत नसे, वहिनी त्यांचा सदरा लहान मुलाचा काढावा तसा डोक्यावरून काढत. मग खांद्याला गरम तेल. सोमवारी नाना स्टोअर्समध्ये उजव्या हाताने फळीवरचे खोके उतरवत.

याच सुमारास कारखान्यात नवी यंत्रं बसवायला अमेरिकेहून वॉकर नावाचे इंजिनिअर आले. उंच, उन्हाने लाल झालेले, घरच्या आठवणीने कावलेले. स्टोअर्समध्ये सामान मागायला आले आणि नानांच्या हातातला फिरणारा नट बघत उभेच राहिले. मी टाइम ऑफिसमधून कशासाठी तरी तिथे गेलो होतो, म्हणून दुभाषा झालो आणि पुढे कायमचाच झालो. त्यांच्या देशात बेसबॉल नावाचा खेळ असतो, लहानपणी त्यात ते चेंडू टाकणारे होते. नानांनी डब्यातलं संत्रं काढून आपली पकड दाखवली. साहेबांनी तेच संत्रं घेऊन स्वतःची दाखवली. दोघांनी ते इतक्या वेळा घेतलं-दिलं की शेवटी खाण्याजोगं राहिलं नाही.

मग दर रविवारी वॉकरसाहेब जीपमधून घडीची खुर्ची घेऊन आमच्या मैदानावर यायला लागले. पहिल्या दिवशी त्यांना काही समजलं नाही. मारल्यावर पळायची सक्ती कशी नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं. पण हळूहळू गोडी लागली. एकदा आमच्या फलंदाजाने चांगला चेंडू नुसता अडवला आणि झाडाखालचे पेन्शनर "वा" म्हणाले. साहेब मला म्हणाले, आमच्याकडे काही घडलं की टाळ्या वाजतात, तुमच्याकडे काही घडू दिलं नाही म्हणून वाजतात, हे मला फार आवडलं. त्यांना चहाची सुट्टी आवडली, पंचांशी हुज्जत न घालणं आवडलं. एक गोष्ट मात्र त्यांना पटेना. नाना चेंडू टाकून झाला की दर वेळी उजव्या हाताने खांदा धरत, हे त्यांनी लांबून हेरलं होतं. दुखतंय तर हा माणूस टाकतो का, आणि टाकू देतात का?

एके दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नानांनाच हे विचारलं. नाना हसले आणि तुमच्याकडे काय करतात म्हणाले. साहेबांनी सांगितलं ते मी मराठीत करून सांगितलं. चेंडू टाकणारा दमला की त्यांच्या संघाचा एक वडीलधारा माणूस, जो खेळत नाही, बाहेर बाकावर बसतो, तो चालत मैदानात जातो. काही बोलत नाही. हात पुढे करतो. टाकणारा त्याच्या हातावर चेंडू ठेवतो आणि बाहेर येतो. त्यात अपमान नसतो.

"आणि त्याने नाही दिला तर?" नानांनी विचारलं.

साहेबांनी जरा विचार केला. "देतो. त्याला स्वतःहून थांबता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं."

त्या संध्याकाळी आम्ही आंबिवली स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलो होतो. नाना डाव्या हातातला नट फिरवत होते. मग म्हणाले, "साठे बोलावतो म्हणून मी जातो, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही रे. माझ्याने चेंडू खाली ठेवला जात नाही. कोणीतरी चालत यायला हवं." मी म्हटलं, मी सांगतो साठ्याला. ते म्हणाले, त्याला नाही जमायचं, तो पाया पडेल.

संक्रांत झाल्यावर ठाण्याशी सामना होता. नानांचे पहिले काही चेंडू बरे पडले. पुढे पुढे हात खांद्याच्या वर जाईना. एक चेंडू फलंदाजाच्या पोटाशी सरळ फुलटॉस आला. शाळकरी पोरानेही कुंपणाबाहेर मारला असता. समोर ठाण्याचा एक देखणा जवान खेळत होता, त्याचे वडील नानांबरोबर खेळलेले. त्याने तो फुलटॉस हळूच पायाशी अडवला. पुढचा अर्ध्यावर आपटला, तोही अडवला. मला वाटलं चुकला असेल. मग त्याचा चेहरा पाहिला आणि समजलं. तो नानांना मान देत होता. दुसऱ्या टोकाचाही तेच करत होता. ठाण्याचा अख्खा संघ मैदानावर नानांना नमस्कार करत होता.

नानांच्याही ते ध्यानात आलं. इतकी वर्षं मी त्यांचा चेहरा समोरून पाहिला, तसा कधी पाहिला नव्हता. अर्ध्या खेळपट्टीवर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मार की रे बाबा."

तो पोरगा खाली बघत म्हणाला, "नाना, तुम्हाला कसा मारू?"

नाना परत गेले. ओव्हर संपली. साठ्याने विचारलं, अजून टाकता ना? नाना म्हणाले, टाकतो की. मला यष्टींमागे उभं राहवेना. राग कोणाचा करावा हेच समजत नव्हतं, सगळेच तर चांगुलपणाने वागत होते.

नानांच्या पुढच्या ओव्हरचे दोन चेंडू झाले आणि वॉकरसाहेब खुर्चीवरून उठून मैदानात चालत आले. डोक्यावर हॅट, पायात कारखान्याचे बूट. सगळ्यांना वाटलं काही अपघात झाला. पंच म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर, ते दोन्ही हात पसरून आडवे धावले. साहेब त्यांना वळसा घालून नानांसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. साठे आपल्या जागेवरूनच म्हणाला, पाहुण्यांना आपले नियम माहीत नाहीत, कोणीतरी समजावून सांगा. ते काम माझं होतं. मी जागचा हललो नाही.

नानांनी साठ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. चेंडू सदऱ्याला पुसला, साहेबांच्या हातावर ठेवला, "थँक यू" म्हणाले आणि चालू लागले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना समजलं नाही, म्हणून कोणी वाजवल्या नाहीत. हेडमास्तरांनी थोडा विचार करून निकाल दिला की गोलंदाज जायबंदी आहे, ओव्हर दुसऱ्याने पुरी करावी. साहेबांनी चेंडू साठ्याकडे दिला. भोईर जवळ येऊन म्हणाला, "मना द्या." त्याने चेंडू कपाळाला लावला आणि लांब जाऊन धावत आला. त्याचा पहिलाच चेंडू त्या देखण्या जवानाने कुंपणाबाहेर भिरकावला. मी पाहिलं तर नाना साहेबांच्या घडीच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. सामना संपेपर्यंत उठले नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. अंघोळ करून, दाढी करून, ओसरीवर बसले होते. वहिनींनी चहा आणून दिला. मध्येच रस्त्यावर सायकलची घंटा वाजली की नाना मान वर करत.

"साठ्याकडचं कोणी दिसलं नाही?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले. आणि मग कप खाली ठेवत, "श्रीधर, रविवारी काय करतात रे लोक?"

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, भाजी आणतात. नाना लगेच उठले, पिशवी मागून घेतली. वहिनी दारात बघत राहिल्या. त्या दिवशी आम्ही जून भेंडी आणि किडकी वांगी घेऊन आलो. वहिनींनी त्यातली बरी तेवढी निवडून त्याच दिवशी रांधली.

वॉकरसाहेब यंत्रं बसवून मायदेशी गेले. मी आणखी थोडी वर्षं खेळलो आणि मग कोणाच्या लक्षातही न येता थांबलो. मला कोणी शाल दिली नाही. नाना दर रविवारी भाजीला जात राहिले, शेवटच्या आजारापर्यंत. घरापासून मंडई जवळ, मैदान ओलांडलं की समोरच. पण नाना मागच्या गल्लीने निघत, तळ्याला अख्खा वळसा घालून मंडईत पोचत आणि तसेच परत येत. पुढे आणखी एकदा मी सोबत होतो. ऊन कडक होतं, मी मैदानातून जाऊ म्हटलं, तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पुन्हा म्हणालो नाही.

ते गेल्यानंतर वहिनींना भेटायला गेलो होतो. बोलता बोलता त्या म्हणाल्या, भाजीला गेले की यांना दोन-दोन तास लागत. मला वाटलं आता सांगायला हरकत नाही, म्हणून लांबच्या रस्त्याचं सांगितलं.

"मला वाटायचं खेळ बघत उभे राहत असतील," त्या म्हणाल्या. "तेवढंच सुख त्यांना, म्हणून मी कधी विचारलं नाही."