लिलावातला तवा

"एकवार, दोनवार, तीनवार!" असं म्हणून शमुवेलभाऊंनी टेबलावर नारळ आपटला आणि माझा तवा माझ्याच नवऱ्याच्या गळ्यात पडला. चर्चच्या आवारात बसलेली सगळी मंडळी हसली. मी हसले नाही. घरी डब्याच्या तळाला तांदूळ होते, ते संध्याकाळपुरते. पोट भरायचं एकच हत्यार उरलं होतं, ते मी रागाच्या भरात देवाला देऊन टाकलं होतं, आणि आता तेच हत्यार बोलीच्या पैशांचा बोजा घेऊन माझ्या घरी परत येणार होतं. बोलीचे पैसे नाताळपर्यंत चुकते करायचे अशी आमच्याकडे रीत आहे. नाताळपर्यंत खायचं काय, याची रीत कोणी घातलेली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भात कापून झालं की रत्नागिरीच्या आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचा सण असतो. ज्याचं जे उत्पन्न, त्यातलं पहिलं देवापुढे आणून ठेवायचं. कोणी भाताची पेंढी आणतो, कोणी नारळ, कोणी भोपळा. पूर्णगडची एक बाई दरवर्षी सुके बांगडे आणते आणि उपासना संपेपर्यंत त्यांचा वास घेत गाणी म्हणावी लागतात. मग आवारात या सगळ्याचा लिलाव होतो. भोपळा बाजारापेक्षा कितीतरी महाग जातो, कारण भोपळा कोणालाच नको असतो, देवाच्या कामाला काहीतरी द्यायचं असतं. शमुवेलभाऊ रिक्षा चालवतात. आवाज मोठा म्हणून लिलाव त्यांच्याकडे. त्या दिवशी आम्हा दोघांना त्यांनीच आणलं होतं. माझ्या मांडीवरचं गाठोडं बघून त्यांनी विचारलं होतं, "काय वैनी, आज चर्चमध्ये घावणे घालताय काय?"

हातखंब्याला माझी टपरी होती. चौथीनंतर शाळा सुटली ती मी चुलीपाशी आले आणि तिथेच राहिले. घावणे, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि चहा, एवढंच मला येतं आणि तेवढ्यावर आमचं बरं चाललं होतं. मुंबई-गोव्याचे ड्रायव्हर थांबायचे. आमचे हे पैसे घ्यायचे आणि बोलायचे, मी घावणे काढायची आणि गप्प बसायची. मग यांचं उजवं अंग गेलं. बोलणंही गेलं, शब्द एकेक आणि जड यायला लागला. ते सावरतोय तोवर रस्ता रुंद करायचं काम आलं. मोठं यंत्र आलं आणि सगळ्या टपऱ्या निघाल्या. रस्ता हवाच होता, त्याबद्दल मी कोणाला बोल लावत नाही. मुलगी मुंबईत आहे. ती जमेल ते पाठवते, पण तिच्याही घरात खाणारी तोंडं आहेत.

मंडळीतल्या बायका भेटायला यायच्या. एक म्हणाली, देव परीक्षा घेतोय. मी म्हटलं, चौथीनंतर मी परीक्षा दिलेली नाही, हे त्याला माहीत असायला हवं. दुसरीने मोबाईलवर कोणा उपदेशकाचं भाषण ऐकवलं. विश्वास पुरा असला की घर भरतं, असं तो सांगत होता. म्हणजे ज्याचं भरलं नाही त्याचा विश्वास अपुरा. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्याला आम्ही प्रभू म्हणतो तो गोठ्यात जन्मला, आणि मेल्यावर त्याला ठेवायला कबरसुद्धा दुसऱ्याची लागली. त्याचा विश्वास कमी होता काय? गरिबी ही शिक्षा नाही आणि बक्षीसही नाही, एवढं मला कळत होतं. पण कळून पोट भरत नाही. मी प्रार्थना करायची ती दात चावून. रोजची भाकर दे म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे माझीच टपरी असायची, तीच जागा, तीच गिऱ्हाइकं.

सणाच्या सकाळी न्यायला काही नव्हतं. रिकाम्या हाताने जायचं मला पटेना. फळीवर तवा पालथा होता. बिडाचा, सासूच्या वेळचा, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळा गुळगुळीत झालेला. वापर नाही म्हणून कडेने गंज धरायला लागला होता. मी तो फडक्यात बांधला आणि म्हटलं, टपरी घेतलीस ना, मग हाही घे. ती भक्ती नव्हती, भांडण होतं. पण भांडण आपण आपल्या माणसाशीच करतो, वाटेवरच्याशी नाही.

लिलावात तव्याची पाळी आली आणि आवार गप्प झालं. तो कोणाचा तवा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. शमुवेलभाऊंनी पहिली बोली स्वतःच सांगितली आणि हात वर होण्याची वाट बघत राहिले. "अहो, बोला की! तवा आहे, तोफ नाही!" कोणी बोलेना. माझ्या मागे एक बाई कुजबुजली, "हिचा तवा नेऊन ते पाप डोक्यावर कोण घेईल गो?" तेवढ्यात आमच्या ह्यांनी हात वर केला. उजवा केला असता तर मी तिथेच उभी राहून चमत्कार झाला म्हणून साक्ष दिली असती. केला तो डावा, चांगला. शमुवेलभाऊंना कोणीतरी हवंच होतं. त्यांनी नारळ आपटला.

"अहो, हात कशाला वर केलात?" मी खेकसले.

"माशी," हे म्हणाले.

शमुवेलभाऊ खजील झाले. "वैनी, सोडून देऊ काय? माशीची बोली धरत नाहीत." मंडळी पुन्हा हसली, आणि मी हट्टाला पेटले. देवापुढे लागलेली बोली मागे घ्यायची नाही, नाताळपर्यंत देऊ, म्हटलं. कुठून, ते मला ठाऊक नव्हतं.

आमच्या चर्चमध्ये तेव्हा रविवारी मागच्या बाजूला काही परगावचे लोक येऊन उभे राहायचे. झारखंडचे होते. मराठी येत नसे, पण गाण्याची चाल धरून मोठ्याने गायचे. त्यांचा मुकादम पुढे आला, तवा उलटासुलटा करून त्यावर बोट वाजवलं आणि म्हणाला, "मावशी, इसपे क्या बनता है?"

"घावन."

"रोटी?"

"रोटी नाही. तांदळाचं पातळ पीठ, तव्यावर ओतायचं."

त्याचा चेहरा बदलला. त्यांच्याकडेही तांदळाची अशीच रोटी होते, छिलका म्हणतात, आणि त्याची आई ती करते. इथे त्याची माणसं पहाटे चहा-बिस्किटावर कामाला जातात. तांदूळ, गॅस तो देईल, मजुरी आठवड्याला देईल, मी सकाळी येऊन करीन का? मी विचारलं, काम कुठे? तो म्हणाला, हातखंबा, पुल पे.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "माझी टपरी तुमच्याच यंत्राने काढली. माझ्या हातचं तुम्हाला मिळायचं नाही," मी म्हटलं. मराठी कळली नसेल, पण सूर कळला. त्याने वाद घातला नाही. तवा खाली ठेवला आणि हात जोडले.

"तवा माझा," मागून आवाज आला. हे खुर्चीत पुढे वाकले होते, तोंड लाल झालं होतं. "बोली माझी. तवा माझा. तू कर."

आजारानंतर इतकं ते एकदम कधी बोलले नव्हते. शमुवेलभाऊ म्हणाले, "कायदा त्यांच्या बाजूने आहे हो वैनी. मालक ते, तुम्ही कामाला." या खेपेला मलाही हसू आलं.

दुसऱ्या सकाळी मी त्यांच्या छावणीत गेले. पहिलं घावन चिकटलं, गंज काढला तरी तवा रुसला होता. दुसरंही फाटलं. तिसरं जाळीदार सुटलं. खाण्याआधी त्या माणसांनी उकिडवं बसून डोळे मिटले. भाषा मला कळली नाही, शेवटचं आमेन कळलं. तेव्हा मनात आलं, ही माणसंही रोजची भाकर मागत होती, आणि त्यांच्यापुढे मी आले. मी मागत होते, माझ्यापुढे ते. भाकर मी मागायची ते ठीक, पण ती कोणाच्या हातून यावी हेही मीच ठरवून सांगत होते, आणि त्या यादीत हे लोक नव्हते. देवाने माझी यादी वाचली नाही, बरं झालं. तेव्हापासून मी नुसती भाकर मागते. आजची आज. उद्याचं उद्या, आणि ती कुठल्या वाटेने यायची ते तो बघेल.

बोलीचे पैसे नाताळाआधी दिले. पुलाचं काम झालं तसे ते लोक गेले. जाताना छावणीचे पत्रे मुकादमाने वर विचारून आमच्यासाठी ठेवले. ते पत्रे घालून बाजूच्या रस्त्याला एकाने भाड्याने दिलेल्या जागेत आता आमची टपरी आहे. श्रीमंत झालो नाही, होण्याची चिन्हंही नाहीत. डब्यात तांदूळ असतात. यंदा सणाला मी पहिलं घावन नेलं. शमुवेलभाऊंनी स्वतःच बोली लावली आणि तिथेच उभ्याने खाल्लं.

त्या माशीबद्दल मी यांना पुन्हा विचारलं नाही. जवळ सुके बांगडे होते, म्हणजे माशी असूही शकेल. असली तर कोणीतरी धाडलेली. नसली तर माझा नवरा मी समजते त्याहून हुशार आहे. दोन्हीकडून माझी तक्रार नाही, आभारच आहेत.

हे आम्हा दोघांवर गुदरलं आणि आम्ही दोघंही अजून आहोत. मी, हातखंब्याची घावणेवाली, आणि तव्याचा मालक, जो आत्ता शेजारी बसून चटणीत मीठ कमी आहे म्हणतोय.