अजमल शेफचं आंबट तेल

तुडीलला सावित्री जिथं अंग टाकून संथ वाहते, तिथं काठावर अजमलचं दोन मजली घर आहे. वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही. अजमल आखातात, दोह्यात शेफ होता याचा पुरावा म्हणून तो मजला बांधलेला आहे. बावीस वर्षं तो तिथल्या एका ग्रीक हॉटेलात होता. सुट्टीवर आला की बायकोच्या, नुरजहाँच्या, बिर्याणीचं एक शीत दोन बोटांत दाबायचा आणि नुसती मान हलवायचा. एवढी मान हलवणारा माणूस मोठाच शेफ असणार, असं आम्ही गाववाले धरून चाललो.

खरं एवढंच, की आचेजवळ त्याला कधी कोणी उभंच केलं नाही. बावीस वर्षं तो काकडी चिरत होता आणि सॅलडवर घालायचं ग्रीक आंबट तेल, म्हणजे व्हिनेग्रेट, घुसळत होता. हे इकडे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग मुलीची, अलीशबाची, सोयरीक जुळत आली. मुलाचे वडील मुसैबभाई यांनी महाडहून निरोप धाडला, "पक्कं करायला येतो. पण जेवण तुमच्या हातचं. शेफच्या घरी सोयरीक करतोय, उगीच नाय."

अजमल दोन दिवस नदीकाठी बसून राहिला. सावित्रीने आजवर कोणाला पाककृती सांगितल्याचं ऐकिवात नाही. तिसऱ्या दिवशी उठून तो नुरजहाँला म्हणाला, "बिर्याणी तू कर. मी खास चीज करतो. ग्रीक."

गेल्या खेपेला आणलेला ऑलिव्ह तेलाचा डबा उघडला, तर तळाशी थोडंसं उरलेलं.

"तेल कुठं गेलं गो?"

"मोहल्ल्याच्या गुडघ्यांत. जैतुनाचं तेल लोक खातात होय?"

उरलेलं तेल त्याने काचेच्या बरणीत ओतलं. तीन भाग तेल, एक भाग आंबट. तिकडे द्राक्षाचा सिरका घालत. इथं त्याने कोकमाचं आगळ आणि लिंबू घेतलं. ठेचलेला लसूण, मोहरीची पूड, मिरी. ओरेगॅनोसाठी अलीशबाने पिझ्झ्याबरोबर मिळालेल्या, जपून ठेवलेल्या पुड्या दिल्या. झाकण लावून त्याने बरणी हलवली, हलवत राहिला, आणि एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेलं तेल आणि आंबट दाट, गुलाबी होऊन एक झालं. तेवढा वेळ तो माणूस देखणा दिसत होता. उगाच कशाला नाकारायचं?

पाहुणे जेवायला बसले. मुसैबभाईंच्या आईने ते आंबट तेल घातलेली काकडीची फोड नाकाशी नेली.

"अरे मुसैब, हे तर माझ्या गुडघ्याचं तेल हाय रे!"

सगळ्यांचे घास थांबले. मुसैबभाईंनी बिर्याणीकडे बोट केलं. "आणि ही? ही तरी तुमच्या हातची ना?"

मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यात तर त्याचा हात कोण धरणार! पण अजमलने बरणीकडे पाहिलं.

"नाय. ती हिची. मी बावीस वर्षं हे बरणीतलंच केलं. चूल कधी पेटवली नाय."

आतून नुरजहाँ दारात आली. "मग माझ्या बिर्याणीला नाकं मुरडत होतात ती कशाच्या जीवावर?"

मुसैबभाई ठसका लागेपर्यंत हसले. मग काकडीची फोड उचलून खाल्ली, आणखी एक खाल्ली. "सोयरीक पक्की. लग्नात बिर्याणी वहिनींची. काकडी तुमची."

लग्नात चारशे माणसांची काकडी अजमलने एकट्याने चिरली. फोडी अशा एकसारख्या, की आमच्या गावच्या एकाही आचाऱ्याला जमणार नाहीत. तसं कबूल मात्र अजून एकानेही केलेलं नाही.