पडलेला दगड, उभा दगड

रेवदंड्याच्या तटातून एसटी बाहेर पडते तिथे रस्ता अरुंद आहे. खिडकीतून हात काढला तर भिंतीचं शेवाळ बोटांना लागतं. मी निघालो त्या दिवशी तिथपर्यंत बाबा गाडीशेजारून चालत आले. निरोपाचं बोलणं त्यांना जमत नाही. म्हणाले, "उभ्या दगडाला हात लावायचा नाही. पडलेला मिळाला तर सोडायचा नाही."

हा आमच्या किल्ल्यातला कायदा. तटाचा चिरा पावसाळ्यात निखळला तर ज्याच्या वाडीत पडला त्याचा. त्याचं जोतं करा, विहिरीचा काठ बांधा. पण उभ्या भिंतीत पहार घातलीत तर गाव तुमच्या घरचं पाणी पीत नाही.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बोचकं उचलून इकडे मुंबईच्या बाजूला आलेल्यांनो, शाळेत आपल्याला या किल्ल्याच्या फक्त लढाया शिकवल्या. कोण जिंकलं, कोण हरलं. खरी गोष्ट साधी आणि घाणेरडी आहे. फिरंगी आला तो वखारीपुरती जागा मागत. माल ठेवायला चार भिंती, बस. सुलतानानं दिली, किनाऱ्यावरच्या माणसाला कुणी विचारलं नाही. मग वखारीला कोट आला. मग कोटात अख्खं शहर, चर्चं, सावकार, आणि ज्यांचा किनारा ते कोटाबाहेर. पुढे खाडी गाळानं भरली, मुंबई फुगली, व्यापारी गेले, त्यांच्यामागे रेशीम विणणारे गेले. रिकाम्या कोटात आपण माड-पोफळी लावल्या. बाबांची कुदळ अजून चिनी बशांच्या निळ्या ठिकऱ्या वर काढते. दुसऱ्यांच्या मोडलेल्या संसारावर आपण माडाची आळी केली आणि त्याला गाव म्हटलं.

आपलं बंदर मेलं, म्हणून मी न्हावा शेव्याला नव्या बंदराच्या दारात उभा. कस्टम एजंटकडे नोकरी, दिवसभर कंटेनरांची सीलं तपासायची. खोली घणसोली गावात, गोमा मावशींच्या घरामागे. मावशी आगरी. शेत शहरासाठी सरकारनं घेतलं, मिठागर गेलं, नवरा गेला. उरलं ते घर. मुलगा लग्नाचा झाला तशा त्यांनी मागे दोन खोल्या बांधल्या, एक त्याला, एक भाड्याला. त्यांच्याच बापजाद्यांच्या गावात त्या दोन खोल्या 'अनधिकृत' ठरल्या. चहूकडे टॉवर उठले ते सगळे अधिकृत! पाडायची नोटीस आली.

मी पत्रकं काढली. देवळासमोर मीटिंग घेतली. गळ्याच्या शिरा ताणून सांगितलं, "आधी वखार, मग कोट! हे टॉवर म्हणजे नवा कोट, आणि आपण बाहेर!" टाळ्या पडल्या. मागून मावशींचा आवाज आला, "भाषन बेस केलंस रं पोरा. पन तुज्या कोटाचं रान झालं तवा तू काय केलंस? पलून आयलास ना माज्या खोलीन?"

सगळे हसले. मीही हसलो.

बुलडोझर आला तेव्हा आम्ही आडवे पडलो. पोलिसांनी पोती उचलावीत तसं आम्हाला उचलून व्हॅनजवळ टाकलं. पहिली माझी भिंत गेली. अंथरूण, पत्रकांचा गठ्ठा, सगळं विटांखाली. मग मुलाची खोली. मला बाबा आठवले. उभ्या भिंतीत पहार घालणाऱ्या या लोकांच्या घरचं पाणी आता कोण पिणार?

मशीन वळलं न वळलं तोच शेजारचा एक जण वाकून विटा गोळा करायला लागला. मी अंगावर गेलो. "लाज वाटत नाही?"

"वरडू नको," मावशी म्हणाल्या. "परलेलं हाय, उचलनारच लोकं. चल, पयले आपुन उचलू."

संध्याकाळी एसटीडी बूथवरून गावी शेजारच्यांकडे फोन लावून बाबांना बोलावलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "परत ये. इथे तट आहे."

"किती राहिलाय?"

बाबा म्हणाले, "समुद्राकडची बाजू उतरवतायत. मुंबईच्या शेठचे बंगले होतायत ना, जोत्याला चिरा लागतो. आपलीच पोरं पहारी घालतात."

"आणि त्यांच्या घरचं पाणी?"

"पितात सगळे."

म्हणून मला परत ये म्हणू नका. तुमच्याकडे तट उरला नाही, माझ्याकडे खोली. मागच्या खोल्यांचं जोतं तेवढं वाचलंय. मावशी, त्यांचा मुलगा आणि मी, तिघं विटांचं सिमेंट ठोकून काढतो आणि त्याच जोत्यावर पुन्हा रचतो. भिंत कमरेपर्यंत आलीय. पाडणारी गाडी पुन्हा येणार, हे मावशींनाही ठाऊक आहे.

पत्र टाकाल तर पत्ता तोच लिहा, घणसोली गाव, गोमा मावशींच्या घरामागे. खोली नाही. मी सोडलेलीही नाही.